पहिली कॅसेट संपली तिथेच

आमच्या घरी ‘साउंड ऑफ म्युझिक’ची एकच व्हिडिओ कॅसेट होती. एकच, म्हणजे पहिली. चित्रपट १७४ मिनिटांचा, म्हणून तो दोन कॅसेटमध्ये मिळायचा, पण हे आम्हा भावंडांना कोण सांगणार? वडिलांना ती कोणीतरी दिली होती. दुसरी देणाऱ्याकडे राहिली की हरवली, कुणास ठाऊक.

त्यामुळे आमचा चित्रपट असा होता. डोंगरावर गाणारी मारिया. तिला मठातून कॅप्टनच्या घरी मुलं सांभाळायला पाठवतात. सात मुलं आधी छळतात, मग तिचीच होऊन जातात. पडद्यांचे कपडे, उलटलेली होडी, बाहुल्यांचा खेळ, मेजवानी, कॅप्टनबरोबरचा तो नाच. आणि मग त्याच रात्री ती बॅग घेऊन जिना उतरते, चिठ्ठी ठेवते आणि दार उघडून निघून जाते. पडद्यावर एक लांबलचक इंग्रजी शब्द, आणि मागून खरखर. तो शब्द ‘मध्यंतर’ आहे हे कळण्याइतकं इंग्रजी आम्हाला येत नव्हतं. आमच्या लेखी तो ‘समाप्त’.

सहा वर्षं आम्ही ही शोकांतिका बघितली, वीस-पंचवीस वेळा तरी. पुढे काय झालं असेल यावर धाकट्या भावाशी माझी भांडणं व्हायची. त्याचं म्हणणं, ती डोंगरावर राहायला गेली, जिथे सुरुवातीला एकटीच गात होती तिथे. माझं म्हणणं, मठात परत गेली आणि तिने पुन्हा कधी तोंडातून सूर काढला नाही. (मी तेव्हा नऊ वर्षांची होते. त्या वयात असलं काहीतरी फार आवडतं.)

चौदाव्या वर्षी एकदा टीव्हीवर लागला. ती दाराबाहेर पडली, आम्ही खरखरीची वाट बघतोय, आणि चित्रपट आपला चालूच! भाऊ ओरडला, “अगं, ती परत आली!” मला मात्र राग आला. परत आली, लग्न केलं, वर नाझी बिझी. आमच्या कॅसेटमध्ये नाझी जवळजवळ नव्हतेच. एक तारवाला पोरगा हात उंचावून सलाम करायचा, तो मला नुसता आगाऊ वाटायचा. माझी मारिया कायमची गेली होती. ही कोणी वेगळीच बाई होती.

तर आता तुमचं येऊ द्या. चित्रपट आवडला होता, हे लिहू नका. ते धरूनच चालले आहे. लहानपणी काय चुकीचं समजला होतात, ते लिहा.

शेंडेफळ:

आम्ही सख्खी-चुलत मिळून पाच भावंडं. सातांची भूमिका पाचांत बसवायची, म्हणून कर्ट आणि मार्टा या दोघांच्या जागी उशा उभ्या करायचो. रांगेत उभं राहून नावं सांगायची: लिझल, फ्रीड्रिख, लुईझा, कर्ट, ब्रिगिटा, मार्टा, ग्रेटल. ही यादी मला पाढ्यांआधी पाठ झाली. मी सगळ्यांत लहान, म्हणून मी कायम ग्रेटल. दहा वर्षांची झाले तरी ग्रेटल. आमची लिझल कॉलेजात जाऊन मिशी आलेल्या मुलांशी बोलायला लागली, तरी ग्रेटलसारखं माझं बोट दुखतंच आहे.

चुकीचं काय समजले ते सांगते. ओळख करून देताना लुईझा पुढे येऊन सांगते की मी ब्रिगिटा. तो खोडसाळपणा आहे, नवी बाई फसते का बघायला. मला वाटायचं की त्या मुलीला खरोखरच स्वतःचं नाव माहीत नाही. आई गेल्यावर घरात कोणी नावाने हाक मारत नाही, कॅप्टनच्या नुसत्या शिट्ट्या वाजतात, मग विसरणारच की. मला तिची इतकी दया यायची की खेळात लुईझा झालेल्या ताईला मी माझा खाऊ द्यायचे. तिने माझी समजूत कधी दुरुस्त केली नाही. का करील?

होडी उलटते तिथे मी नेहमी डोळे मिटायचे. पुढे वाचलं की ग्रेटलचं काम करणाऱ्या मुलीला पोहता येत नव्हतं. ठरलं होतं असं की होडी हलली की मारिया झालेली ज्युली अँड्र्यूज पुढच्या बाजूला पडेल आणि तिला धरेल. एका वेळी ती पडली नेमकी मागच्या बाजूला, आणि पोरगी पाण्यात गटांगळ्या खायला लागली. म्हणजे माझे डोळे बरोबर मिटत होते.

सावधान:

आमच्या बाबांनी ठामपणे सांगितलं होतं की ‘एडलवाइस’ हे ऑस्ट्रियाचं राष्ट्रगीत. शेवटच्या कार्यक्रमात कॅप्टनचा आवाज दाटतो आणि सगळं प्रेक्षागृह त्याच्याबरोबर गायला लागतं, तेव्हा दुसरं काय वाटणार? त्यामुळे ते गाणं लागलं की आम्ही घरातले सगळे उठून ताठ उभे. आजी गुडघ्याला हात लावून उठायची. ते गाणं चित्रपटात दोनदा आहे. दोन्ही वेळा.

ते राष्ट्रगीत तर नाहीच, लोकगीतही नाही. १९५९ साली न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर हे संगीत नाटक आलं तेव्हा रिचर्ड रॉजर्स आणि ऑस्कर हॅमरस्टाइन या अमेरिकन जोडीने ते लिहिलं. हॅमरस्टाइनने लिहिलेलं हे शेवटचं गाणं. पुढच्याच वर्षी तो गेला. बाबांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

कात्रीवाली:

वय सात. आई बाहेर गेलेली. खिडकीचा पडदा हिरवा, फुलाफुलांचा, अगदी चित्रपटातल्यासारखा. मी काय केलं ते सांगायलाच हवं का?

मारियाने मुलांना खेळायला कपडे शिवले, मीही माझ्या धाकट्या बहिणीला शिवणार होते. शिवता येत नव्हतं. कापता मात्र फार छान आलं. डोक्यासाठी मधोमध भोक पाडलं, दोन बाजूंना हात आणि कमरेला नाडी. बहीण त्यात आनंदाने नाचत होती तेवढ्यात आई आली. आईने आधी बहिणीकडे पाहिलं, मग खिडकीकडे, आणि मग एक फार मोठा श्वास घेतला.

माझा बचाव पक्का होता: मारियाला तर कोणी रागावलं नाही! उलट शेवटी कॅप्टनने तिचीच माफी मागितली. आई म्हणाली, “तो कॅप्टन होता. मी नाही.”

वीस वर्षांनी मी तो प्रसंग इंग्रजी अक्षरं खाली दिसत असताना बघितला, तेव्हा उलगडा झाला. घर सांभाळणारी फ्राउ श्मिट मारियाला आधीच सांगते की तुझ्या खोलीच्या खिडक्यांना नवीन पडदे येणार आहेत. मारिया म्हणते, अहो, हे चांगले आहेत की. म्हणजे ते काढून टाकायचेच पडदे होते! मारियाने आधी चौकशी केली होती, घाईघाईने कात्री लावली नव्हती. तो एक संवाद कळला असता तर माझं बालपण बरंच सुखाचं गेलं असतं.

त्या पडद्याच्या उरलेल्या कापडाचे आईने उशांचे अभ्रे शिवले. शेंडेफळ, तुमच्या कर्ट आणि मार्टाला चालले असते.

ताईचा भाऊ:

कात्रीवाली यांच्या सबटायटलवरून आठवलं ते लिहितो.

माझी मोठी बहीण जन्मापासून ऐकू शकत नाही. ‘साउंड ऑफ म्युझिक’ हे नाव असलेला चित्रपट तिला दाखवावा की नाही, यावर घरात चक्क चर्चा झाली होती. ती म्हणाली (आमच्या घरगुती खुणांत), तुम्ही सगळे बघणार आणि मी काय करू? मग सगळ्यांनी बघितला. मी सहा वर्षांचा, ती अकराची.

तिचा चित्रपट आमच्यापेक्षा वेगळा होता. गाणी लागली की आम्ही तोंडांकडे बघायचो, ती पायांकडे. मुलं जिन्याच्या पायऱ्या चढतात-उतरतात, कारंज्याभोवती फिरतात, सायकली चालवतात ते तिला पुरायचं. सगळ्यांत आवडायचा तो कॅप्टन आणि मारियाचा अंगणातला नाच, लेंडलर. त्यात हात न सोडता वळायचं असतं. ती मला धरून तो करायची आणि मी दर वेळी चुकीच्या बाजूला वळायचो.

पण सांगायचं आहे ते शिट्टीबद्दल. आम्हा बाकीच्यांना कॅप्टन दुष्ट वाटायचा. पोटच्या पोरांना शिट्टीने बोलावतो म्हणजे काय! ताईला नाही वाटायचा. ती म्हणायची, घर केवढं मोठं आहे बघ, नाव घेऊन ओरडलं तर पोचणार नाही, शिट्टी लांब जाते. त्यात तिला काही विशेष दिसत नव्हतं. तिला बोलवायला आम्ही जमिनीवर पाय आपटायचो, हादरा तिच्या तळव्यांना कळायचा. माझ्यासाठी दोन, आईसाठी तीन. प्रत्येकाची वेगळी खूण. आणि तिथे पडद्यावर प्रत्येक मुलाची वेगळी शिट्टी. मला इतक्या वर्षांत जे दिसलं नव्हतं ते तिला पहिल्याच वेळी दिसलं होतं.

डीव्हीडी आल्यावर आम्ही सबटायटल लावून पुन्हा बघितला. मारिया म्हणते, मी मुलांना नावानेच हाका मारीन. त्यावर कॅप्टनचं उत्तर खाली उमटलं: हे घर मोठं आहे, आवार विस्तीर्ण आहे, आणि इथे कोणी ओरडलेलं मला चालणार नाही.

ताईने फक्त माझ्याकडे बघितलं. मग जमिनीवर दोनदा पाय आपटला.

रुसलेला:

नियम मोडतो. मला हा चित्रपट आवडत नसे आणि कोणी विचारतही नसे. दर सुट्टीत तोच. तीन तास. मला घोड्यांचे आणि बंदुकांचे चित्रपट बघायचे असत.

मी एकटा नव्हतो, हे पुढे कळलं तेव्हा गार वाटलं. खुद्द कॅप्टन झालेला क्रिस्टोफर प्लमर या चित्रपटाला वर्षानुवर्षं नावं ठेवत होता. ‘साउंड ऑफ म्युकस’ म्हणायचा, म्हणजे आपल्या भाषेत शेंबडाचा आवाज. गाताना ऐकू येतो तो आवाजही त्याचा नाही, बिल ली नावाच्या गायकाचा आहे. केसांतला रुपेरी रंगही लावलेला; चित्रीकरणाच्या वेळी तो ३४ वर्षांचा होता. म्हातारपणी त्याचा सूर जरा मवाळ झाला. माझाही झाला असावा. २०२१ साली तो गेल्याची बातमी आली त्या रात्री मी हाच चित्रपट लावला, घोड्यांचा नाही.

माझी चुकीची समजूत: कॅप्टन फॉन ट्राप खरोखर असाच खडूस होता. खरा गेऑर्ग फॉन ट्राप प्रेमळ आणि संगीतवेडा होता म्हणतात. घरात मारिया यायच्या आधीपासून गाणं होतं. पडद्यावरचा करडा बाप बघून त्याची मुलं दुखावली होती. शिट्टी तेवढी खरी, त्याच्या जहाजावरची.

पेटीवाली:

मी संगीत शिकवते, म्हणून माझी समजूत थोडी अवघड आहे. मला वाटायचं की सात मुलं म्हणजे सात स्वर. लिझल सा, ग्रेटल नी. पायऱ्यांवर मारिया एकेकाला एकेक स्वर देते, तिथे तर खात्रीच पटली होती. मग मार्टाला धैवत का दिला असेल, यावर मी विचार करायचे. (बिचाऱ्या फॉन ट्रापला पहिल्या पत्नीपासून खरोखरच सात मुलं होती. तो काही सप्तक मोजत बसला नव्हता.)

नऊ वर्षांची असताना ‘डो रे मी’ पेटीवर बसवायला घेतलं. एक गंमत सापडली. पहिली ओळ सा वरून सुरू होते, दुसरी रे वरून, तिसरी ग वरून, अशी पायरी पायरी चढत जाते. सोपं आहे म्हणून बोटं भराभर चालली. पंचमापर्यंत सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. मग धैवताची ओळ आली आणि सूर कुठेतरी चावला. शुद्ध मध्यम लावत होते, तिथे तीव्र मध्यम हवा होता. निषादाच्या ओळीत तर तीव्र मध्यम आणि कोमल धैवत दोन्ही. मुलांना शिकवायच्या पहिल्या धड्यात या काळ्या पट्ट्या घालणाऱ्या माणसाचा मला इतका राग आला होता! आता वर्गात मी नेमकी तीच जागा मुलांकडून काढून घेते. कान तिथेच उघडतात.

आणि एक. हे स्वरांची नावं लक्षात ठेवायचं गाणं. डो म्हणजे हरिणी, रे म्हणजे किरण, असं प्रत्येकाला आवाजसाधर्म्याने काहीतरी चिकटवलं आहे. ‘ला’पाशी येऊन कवी हात टेकतो: ला म्हणजे सो नंतर येतो तो. लहानपणी मला वाटलं की त्याला सुचलंच नाही. आता वाटतं, मुद्दाम सोडलं आहे. मुलं दर वेळी तिथेच हसतात.

या गाण्याची युक्ती मात्र हजार वर्षं जुनी. अकराव्या शतकात इटलीत ग्विदो नावाचा ख्रिस्ती साधू गायकांना शिकवताना एक लॅटिन स्तोत्र वापरायचा. त्याचं प्रत्येक चरण आधीच्यापेक्षा एक स्वर वरून सुरू होई. चरणांची पहिली अक्षरं घेतली: उत, रे, मी, फा, सोल, ला. उतचा पुढे डो झाला. आपल्याकडे षड्ज, ऋषभ, गांधार यांची आद्याक्षरं झाली, तिकडे ओळींची.

कानसेन:

पेटीवाली यांच्यापुढे हे लिहायची लाज वाटते, पण आमच्याकडे फक्त गाण्यांची कॅसेट होती. चित्रपट वीस वर्षांचा झाल्यावर बघितला. तोपर्यंत निरोपाच्या गाण्यात मुलं ‘आवडीचं जेवण, गुडनाइट’ म्हणतात अशी माझी ठाम समजूत. जेवून झोपायला निघाली आहेत, अर्थ अगदी बसतो. ते ‘आउफ वीडरझेन’ आहे, म्हणजे जर्मनमध्ये ‘पुन्हा भेटू’. आमच्या घरात अजून आवडीचं जेवणच म्हणतात.

नकाशेवाला:

चौथीत असेन. वर्गात ऑस्ट्रिया दाखवला आणि मी हात वर केला: सर, या देशाला समुद्र नाही, मग कॅप्टन कशाचा? सरांनी विचारलं, कुठला कॅप्टन? मी सांगितलं. सर म्हणाले, सिनेमे कमी बघ.

घरी येऊन नकाशा काढला. खरंच समुद्र नाही. तळ्यात होडी चालवणारा कॅप्टन असेल अशी मी स्वतःची समजूत घातली. घरामागे तळं होतंच. उत्तर मिळायला बरीच वर्षं गेली. जुन्या ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याला एड्रिअॅटिकचा किनारा होता, पोला हा त्यांच्या आरमाराचा मोठा तळ. फॉन ट्राप पहिल्या महायुद्धात पाणबुडीचा कप्तान होता; १९१५ मध्ये त्याने फ्रेंचांची ‘लेआँ गाँबेता’ ही युद्धनौका बुडवली. १९१८ मध्ये साम्राज्य मोडलं, किनारा दुसऱ्यांकडे गेला आणि समुद्र नसलेल्या देशात हा नौदल अधिकारी उरला. हे कळल्यावर मला तो शिट्टी वाजवणारा माणूस एकदम वेगळा दिसला. जहाज गेलं, समुद्र गेला, पहिली बायको स्कार्लेट फीव्हरने गेली. शिट्टी राहिली.

तेव्हाच्या त्या नकाशाने आणखी एक घोळ केला. शेवटी नाझींपासून पळून सगळे डोंगर चढून जातात, कुठे, तर स्वित्झर्लंडला, असं मला सांगितलेलं. मी पट्टी ठेवून मोजलं. स्वित्झर्लंड पार पश्चिमेला, चित्रपट घडतो त्या साल्झबुर्गपासून दोनशे किलोमीटरहून लांब. आणि साल्झबुर्गच्या शेजारचा डोंगर ओलांडला की येतो थेट जर्मनी, त्यातही हिटलरचा बंगला होता तो बेर्ख्टेसगाडेनचा मुलूख! कितीतरी रात्री मी काळजीत काढल्या की ग्रेटलला पाठीवर घेऊन हे चुकीच्या बाजूला उतरणार.

खरं कुटुंब डोंगर चढलंच नाही. १९३८ मध्ये ते आगगाडीत बसून इटलीला गेले. कॅप्टनचा जन्म झाडरचा. महायुद्धानंतर ते गाव इटलीकडे गेलं, म्हणून त्याला इटलीचं नागरिकत्व होतं. तिथून ते अमेरिकेत गेले आणि पुढे व्हर्माँटमध्ये स्थायिक झाले. आगगाडीचं तिकीट काढून देश सोडणं पडद्यावर दिसायला फिकं असेल, मला मात्र ते कळल्यावर झोप लागली.

पस्तिशीनंतर:

बॅरोनेस, म्हणजे कॅप्टन आधी जिच्याशी लग्न करणार होता ती. बाकी काही म्हणायचं नाही. लहानपणी तिच्यावर उशी फेकायचो. आता वाटतं, अख्ख्या चित्रपटात कॅप्टनला सरळ, शहाण्यासारखं आणि मान राखून सोडून जाणारी तीच एक.

उलटा प्रश्न:

माझी समजूत जरा नाजूक आहे. मधुचंद्राहून परतल्यावर कॅप्टन घरावर लावलेला झेंडा उतरवतो आणि टराटरा फाडतो. त्यावर स्वस्तिक. मी पाच-सहा वर्षांची, स्वस्तिक म्हणजे शुभ एवढंच माहीत. मला तो प्रसंग भयंकर वाटला. इतका वेळ चांगला वागणारा माणूस अचानक असं का करतो? मला वाटलं, बायको नव्या घरात आली आणि यांनी पहिलं काम काय केलं, तर हे.

आजोबांना विचारलं. त्यांनी व्याख्यान दिलं नाही. कागदावर आपलं स्वस्तिक काढलं, मग कागद थोडा फिरवून टोकावर उभा केला. म्हणाले, “हे असं तिरकं करून ज्यांनी लावलं, त्यांनी माणसं मारली. त्यांच्या भाषेत याचं नावही वेगळं आहे, हुकांचा क्रूस.” मग मार्च १९३८ मध्ये जर्मन सैन्य ऑस्ट्रियात कसं शिरलं, रस्त्यावर लोक फुलं घेऊन कसे उभे होते, हे सांगितलं. फुलं घेऊन का, असं मी विचारलं. आजोबा बराच वेळ गप्प बसले. त्या दिवशी उत्तर मिळालं नाही.

मूळ लेखात पहिली कॅसेट नाझींशिवायची होती असं लिहिलंय, त्यावरून सांगते. म्युनिकमध्ये हा चित्रपट लागला तेव्हा लग्नानंतरचा सगळा भाग कापून दाखवला होता. दिग्दर्शक रॉबर्ट वाइझ आणि कंपनीने हरकत घेतल्यावर तो परत जोडला गेला. तुमच्याकडे निदान कॅसेट हरवली होती.

दिवाणामागून:

नाझींपासून थडग्यांमागे लपण्याचा प्रसंग मी आजवर दिवाणामागून बघितला आहे. बॅटरीचा झोत फिरतो, तो तारवाला पोरगा रोल्फ मागे थांबतो, लिझलचा श्वास ऐकू येतो. चार वर्षांचा असताना मला पक्कं वाटायचं की मी हललो तर ते सापडतील. म्हणून मी हलत नसे. ते दर वेळी माझ्यामुळे सुटायचे.

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त साल्झबुर्गला गेलो. मिराबेल बागेतल्या त्या पायऱ्यांवर जगभरची माणसं उड्या मारत होती, मीही मारली. हेलब्रुन राजवाड्याच्या आवारात ठेवलेलं चित्रपटातलं काचेचं कुंज बाहेरून पाहिलं, आत जाऊ देत नाहीत. तसल्याच कुंजातला नाच स्टुडिओत करताना लिझल झालेली चार्मियन कार खरोखरच काचेतून आरपार गेली होती. पायाला पट्टी बांधून तिने तो नाच पूर्ण केला. गाडीने मोंडझेला गेलो, लग्नाचं चर्च तिथलं. पण माझं मुख्य काम वेगळं होतं. मला ती लपायची जागा बघायची होती.

सांक्ट पेटरचं कब्रस्तान शोधून काढलं. डोंगराच्या कड्याला लागून, जाळीची दारं, फुलं, फार शांत. मी प्रत्येक जाळीमागे डोकावलो. नऊ माणसं लपतील अशी एकही जागा नाही. एकाही थडग्यामागे नाही. मग कळलं की चित्रपटातलं कब्रस्तान हॉलिवूडच्या स्टुडिओत उभारलेलं, याच्यावरून बेतलेलं, लपण्यापुरतं ऐसपैस केलेलं.

हॉटेलात स्वागतकक्षातल्या बाईंना हे सांगितलं. त्या त्याच गावच्या, साठीच्या. त्यांनी चित्रपट पाहिलाच नव्हता! तिथे अनेकांनी पाहिलेला नाही म्हणे. त्यांच्याकडे याच कुटुंबावर १९५६ साली जर्मन चित्रपट आधीच येऊन गेला होता. मी त्यांना आमच्या घरचा दिवाण कुठे होता ते हातवारे करून समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खोलीची किल्ली दिली.

पुन्हा मीच, पहिली कॅसेटवाली:

सगळं वाचून काढलं. ताईचा भाऊ, तुमचं दोनदा वाचलं. नकाशेवाला, माझा भाऊ म्हणतो, त्याचं चुकलं नव्हतं. ती शेवटी डोंगरावरच गेली, फक्त एकटी नाही.

काल तो घरी आला होता. पन्नाशीला आलाय, डोक्यावर केस उरलेले नाहीत. हे सगळं त्याला वाचून दाखवलं आणि मग आम्ही चित्रपट लावला, अखंड, आता कॅसेट नाही की काही नाही. नाच झाला. मारिया जिना उतरली. चिठ्ठी ठेवली, दार उघडलं, आणि तो शब्द आला.

भाऊ उठला आणि दिव्याच्या बटणाकडे निघाला.

“अरे, बस,” मी म्हटलं. “अजून आहे.”